न झालेल्या समारंभाचा वृत्तांत

दहावीच्या मराठीच्या पेपरात बातमीलेखनाचा प्रश्न येतो. एखादी निमंत्रणपत्रिका किंवा चार-पाच मुद्दे छापलेले असतात: अमुक विद्यालय, वृक्षारोपण, प्रमुख पाहुणे अमुक, वेळ सकाळी १० वाजता. यावरून बातमी तयार करा. मुलं लिहितात, 'कार्यक्रमाची सुरुवात दीपप्रज्वलनाने झाली. प्रमुख पाहुण्यांनी आपल्या ओघवत्या भाषणात वृक्षांचे महत्त्व पटवून दिले. विद्यार्थ्यांचा उत्साह नुसता ओसंडून वाहत होता. राष्ट्रगीताने कार्यक्रमाची सांगता झाली.' मथळा आहे, स्थळ आणि दिनांक आहे, 'आमच्या प्रतिनिधीकडून' आहे, भूतकाळ आहे, तृतीय पुरुष आहे. गाईडात सांगितलेली सगळी वैशिष्ट्यं जागच्या जागी असल्यामुळे गुणही मिळतात. अडचण एकच. हा कार्यक्रम झालेलाच नाही. झाड कुणी लावलेलं नाही, भाषण कुणी ऐकलेलं नाही, आणि ओसंडणारा उत्साह मुलानं गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकेतून उचललाय.

पंधरा वर्षांच्या मुलाला आपण सांगतो की ही वस्तुनिष्ठ लेखनाची परीक्षा आहे, आणि त्याच्याकडून बिनदिक्कत कल्पित लिहून घेतो. ज्याला जास्त रचता येतं त्याला जास्त गुण. कथालेखनाचा पर्याय त्याच पेपरात वेगळा असतो, हे आणखी गमतीचं. मला हा प्रश्न क्षुल्लक वाटत नाही. वृत्तांताचा आराखडा शिकवायचा आणि वृत्तांताचं मूळ काम, म्हणजे जाऊन पाहणं, मोजणं, विचारणं, ताडून बघणं, ते मात्र गाळायचं, ही आपल्या मराठीच्या तासाची जुनी खोड आहे. ती मोडायला हवी.

मी काही वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर काढली. संध्याकाळी प्रेसनोटांचा गठ्ठा यायचा. त्यातल्या कित्येक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच आलेल्या असत आणि त्यात कार्यक्रम 'मोठ्या उत्साहात संपन्न' झालेला असे. एकदा पावसानं रद्द झालेला सत्कार आमच्याकडे यथासांग पार पडून आला होता, हारतुऱ्यांसकट. तेव्हा हसू यायचं. पुढे शाळांमधून लेखनाच्या कार्यशाळा घेऊ लागलो, तेव्हा उमगलं की या प्रेसनोट लिहिणाऱ्यांनी शाळेत शिकवलेलं इमानेइतबारे पाळलं होतं.

शाळेत मूल मराठीतून काय काय लिहितं ते एकदा बघा. फाटक्या पुस्तकाचं मनोगत. सूर्य उगवला नाही तर. मी मुख्यमंत्री झालो तर. पडक्या किल्ल्याचं आत्मवृत्त. आणि सगळ्यांत खास, शेतकऱ्याचं आत्मवृत्त. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची मुलगी वहीत लिहिते, 'मी जगाचा पोशिंदा आहे, काळ्या आईची सेवा करतो.' तिच्या घरी यंदा कापूस किती क्विंटल झाला, वेचणीला किलोमागे काय दर द्यावा लागला, खताची गोणी केवढ्याला पडली, हे तिला ठाऊक असतं किंवा रात्री जेवताना विचारून कळलं असतं. पण ते तिला कुणी लिहायला सांगत नाही. तिनं ते आपणहून लिहिलं तर 'भाषा रुक्ष आहे' असा शेरा मिळण्याचीच भीती. अहवाल नावाचा घटक मुलाला रीतसर भेटतो तो बारावीच्या युवकभारतीत, उपयोजित मराठीच्या विभागात, मुलाखत, माहितीपत्रक आणि वृत्तलेख यांच्या सोबतीनं. म्हणजे दहावीनंतर जे आयटीआयला गेलं, कामाला लागलं किंवा लग्न होऊन गेलं, त्या मुलाचा-मुलीचा अहवालाशी संबंधच आला नाही. आणि फिर्याद, तक्रार, कामाचा अहवाल हे लिहायची वेळ त्यांच्यावरच जास्त येते.

हा घोळ फक्त आपला नाही. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात, सिडनीला, जे. आर. मार्टिन आणि जोन रॉदरी या भाषाभ्यासकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांचं लेखन तपासलं. त्यात बहुतेक गोष्टी आणि स्वतःला आलेले अनुभवच होते. वस्तूंची, प्राण्यांची, घटनांची माहिती नीट लावून सांगणारं लेखन फारच थोडं. 'मुलांना मोकळं सोडा, ती आपोआप लिहितील' हा त्या काळातला उदार विचार. मार्टिन आणि त्यांचे सहकारी म्हणाले, हा उदारपणा शिकलेल्या घरातल्या मुलांना परवडतो. ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत, जेवणाच्या टेबलावर बातम्यांची चर्चा आहे, त्यांना हे लेखनप्रकार कानावरून मिळतात. कामगारवस्तीतल्या मुलाला ते कुणी उघड करून दाखवले नाहीत तर ते कायम बाहेरच राहतात, आणि सत्तेची, कामकाजाची भाषा तर हीच. म्हणून त्यांनी शिकवण्याची रीत बसवली: आधी नमुना वाचून त्याची फोड करायची, मग फळ्यावर सगळ्यांनी मिळून एक मजकूर लिहायचा, मग एकेकट्यानं. मला यातला मधला टप्पा फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे तोच वगळून थेट 'घरून लिहून आणा' असतं. त्यांच्यावर टीकाही झाली, की अशानं प्रत्येक लेखनप्रकाराची पाककृती होऊन बसते. ती टीका साफ खोटी नव्हती. आपण तर पाककृतीच घेतली आणि शिधा आणायला विसरलो.

एका जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या वर्गात घडलेलं सांगतो. विषय होता 'आमच्या गावातील पाणी'. एका मुलीनं पहिला मजकूर असा लिहिला: 'पाणी म्हणजे जीवन. आमच्या गावात पाण्याची भीषण टंचाई आहे. बायाबापड्यांना मैलोन् मैल पायपीट करावी लागते. डोळ्यांत पाणी येते पण नळाला येत नाही.' शेवटचं वाक्य तर टाळ्या घेणारं. तिच्या बाईंनी विचारलं, "कोण जातं गं मैलभर?" मुलगी गोंधळली. म्हणाली, "निबंधात तसंच लिहितात ना, बाई." बाई हुशार. त्यांनी वहीत लाल शाईनं काही लिहिलं नाही. वर्गाला सांगितलं, आठवडाभर आपापल्या नळावर उभं राहायचं, घड्याळ बघायचं, आणि दिसेल तेवढंच लिहायचं. ज्यानं दुसऱ्याकडून ऐकलंय त्यानं कुणाकडून ऐकलं ते लिहायचं.

पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा त्याच मुलीचा कागद माझ्यापुढे आला. तो असा होता: 'आमच्या आळीत ११ घरे आहेत. नळाला एक दिवसाआड पाणी येते. मंगळवारी सकाळी ६:४० ला आले, ७:०५ ला गेले. गुरुवारी ६:५० ला आले, ७:१० ला गेले. मंगळवारी आमच्या घरी ७ हंडे भरले. आमचा हंडा १४ लिटरचा आहे, एक लिटरच्या बाटलीने मोजला. घरात आम्ही ५ माणसे आहोत. आळीच्या टोकाच्या घरी २ हंडे भरले असे तिथल्या आजीने सांगितले, मी ते पाहिले नाही. खालच्या आळीत पाणी किती वेळ येते ते मला माहीत नाही. पुढच्या आठवड्यात पाहून लिहीन.'

या कागदाला बोर्डाच्या साच्यात किती गुण पडतील? मथळा नाही. 'मी' आणि 'आमच्या' आहे, म्हणजे तृतीय पुरुषाचा नियम मोडला. शेवट अर्धवट. आणि तरी वृत्तांतात जे असायला हवं ते यात आहे. वेळ आहे, माप आहे, माप कशानं घेतलं तेही आहे. पाहिलेलं एका बाजूला आणि ऐकलेलं दुसऱ्या बाजूला आहे, ऐकवणारी आजीही सांगितली आहे. जे कळलेलं नाही ते झाकलेलं नाही. यातलं एकही वैशिष्ट्य तिला व्याख्येनं शिकवलेलं नव्हतं. आठवडाभर नळावर उभं राहिल्यावर ती वैशिष्ट्यं गरज म्हणून आली. कालची वेळ आणि आजची वेळ शेजारी ठेवायची म्हणून दुसऱ्या एका मुलानं तर तक्ताच आखला होता. त्याला 'तक्त्याच्या रूपात माहिती' हा घटक कुणी सांगितला नव्हता.

मग बाईंनी गणिताच्या तासाला तो कागद फळ्यावर घेतला. ७ हंडे, १४ लिटर, म्हणजे ९८ लिटर. पाच माणसं, दोन दिवस. माणशी दिवसाला १० लिटरही नाही. जल जीवन मिशनचं ठरलेलं प्रमाण माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. हे दोन आकडे शेजारी आल्यावर वर्ग गप्प झाला नाही, उलट कल्ला झाला, कारण प्रत्येकाला आपल्या घरचा आकडा काढायचा होता. टाकीजवळच्या घरांना किती आणि टोकाच्या घरांना किती, हे एका दुपारीत बाहेर आलं. 'भीषण टंचाई' या शब्दांत ते कधीच आलं नसतं. टंचाई सगळ्या गावाला सारखी नव्हती, हेच तर त्या शब्दांखाली दडलं होतं.

असं लेखन कोरडं, मुलांच्या कल्पनाशक्तीला मारणारं, असा आक्षेप हमखास येतो, आणि तो बहुतेक वेळा ललित लिहिणाऱ्या शिक्षकांकडून येतो. मला तो पटत नाही. 'मैलोन् मैल पायपीट' यात कल्पनाशक्ती कुठे होती? ती उसनवारी होती. लिटरच्या बाटलीनं हंडा मोजायची युक्ती मात्र त्या मुलीच्या डोक्यातून निघाली. आणि कोरडेपणाचंच म्हणाल तर मराठीत कोरड्या कागदानं काय काम केलंय ते इतिहासाच्या विद्यार्थ्याला विचारा. बखरी रसाळ, प्रसंग डोळ्यांपुढे उभा करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण शिवाजी महाराजांचा जन्म कोणत्या साली, या प्रश्नावर बखरींच्या आधारानं वर्षानुवर्षं शके १५४९, म्हणजे १६२७, असं धरून चाललो. लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली, वार, नक्षत्र आणि घटी-पळांसह. शकावली म्हणजे शके, तिथी आणि घटना, एवढंच. ना उपमा, ना अलंकार. पण दुसऱ्या कागदाशी ताडून बघता येईल अशी ती नोंद होती. 'शिवभारत' या शिवकालीन संस्कृत काव्याशी ती जुळली, आणि आज आपण १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मानतो ती त्यातून. बखरीवर माझा राग नाही. मुलांना दोन्ही यावं. पण आपण बारा वर्षं बखर लिहायला शिकवतो आणि शकावलीचा तास ठेवतच नाही.

रोजच्या जगण्यात या लेखनाची गरज कुठे पडते, हे ग्रामीण महाराष्ट्रात तरी समजावून सांगावं लागू नये. गारपीट झाली की पंचनामा. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक बांधावर येतात, गट नंबर, पीक, क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी लिहितात. मदतीसाठी ३३ टक्क्यांची अट असते, म्हणून ३० लिहिलं की ३५ याच्यावर एका घरचं वर्ष अवलंबून असतं. त्या कागदावर शेतकरी सही करतो. तो वाचून 'इथे क्षेत्र चुकलंय, साहेब' म्हणणारं माणूस घरात असेल तर फरक पडतो. पोलीस ठाण्यात फिर्याद देताना तेच. आधी काय झालं, मग काय झालं, मी कुठे उभा होतो, मी काय पाहिलं, हा क्रम ज्याला सांगता येत नाही त्याच्या वतीनं दुसरा कुणीतरी लिहितो, आणि आपल्या सोयीनं लिहितो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज घ्या. महाराष्ट्राच्या २०१२च्या नियमांनुसार तो एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. कोणती माहिती, कोणत्या कालावधीतली, हे नेमकं मांडायचं. मी पाहिलेल्या अर्जांत पहिले ऐंशी-नव्वद शब्द 'सामान्य माणसाची पिळवणूक' वगैरेतच संपतात. प्रशासनावरचा तो राग खरा असतो, पण त्यातून मिळणारं उत्तर 'माहिती सुस्पष्ट नाही' असंच येतं. शाळेनं त्या माणसाला बारा वर्षं तेच लिहायला शिकवलेलं असतं.

आणि मोबाइल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं मुलं पळवणारी टोळी समजून ठेचून मारलं. त्याआधी कितीतरी दिवस मुलं पळवणाऱ्यांचे संदेश फोनाफोनी फिरत होते. वृत्तांतलेखन शिकवलं असतं तर हे टळलं असतं, असला भाबडा दावा मी करणार नाही. जमावाची कारणं वेगळी असतात, भटक्या माणसाबद्दलचा संशय त्याहून जुना असतो. पण त्या संदेशांकडे नुसतं लेखन म्हणून पाहा: कोणत्या गावातलं मूल गेलं? कधी? कोणत्या ठाण्यात नोंद झाली? सांगणारा कोण? यातल्या एकाही प्रश्नाला त्यांत उत्तर नसतं, 'सावध राहा' आणि 'जास्तीत जास्त पाठवा' मात्र असतं. ज्या मुलानं स्वतः कधी 'मी ते पाहिले नाही, आजीने सांगितले' असं लिहिलंय, त्याला दुसऱ्याच्या मजकुरातली ही पोकळी निदान दिसते. ज्यानं न पाहिलेला समारंभ रंगवून पूर्ण गुण मिळवलेत त्याला ती का दिसावी? हे फक्त आपल्या पोरांचं नाही, बरं. २०१८च्या पिसा या शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, जिथे भारत उतरलाच नव्हता, विकसित देशांतल्या दहापैकी एका विद्यार्थ्यालाही अप्रत्यक्ष खुणांवरून वस्तुस्थिती आणि मत वेगळं काढणं धड जमलं नव्हतं.

आता शिक्षकांची बाजू. त्यांना दोष देऊन हा विषय संपत नाही. खुद्द शिक्षकालाच वर्षभर उपक्रमांचे अहवाल पाठवावे लागतात. अमुक दिन, तमुक पंधरवडा, त्याचे फोटो, सहभागी विद्यार्थ्यांची संख्या, संध्याकाळपर्यंत लिंकवर भरा. पहिल्या रांगेतली पोरं घेऊन एक फोटो निघतो आणि सहभाग शंभर टक्के लागतो. मुलं ते बघत असतात. फलक कुणी धरला, फोटोपुरता धरला, आणि नंतर वर्गात बसून गणितंच सोडवली, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. अशा शाळेत 'वस्तुनिष्ठता हे अहवालाचे वैशिष्ट्य आहे' हे वाक्य फळ्यावर लिहून काय होणार? वरून आकडा मागितला जातो तो खरा मागितला जात नाही, भरलेला मागितला जातो. हे बदलणं मराठीच्या शिक्षकाच्या हातात नाही, हे मला कबूल आहे.

दुसरी गोष्ट मात्र जरा धीटपणे बोलायला हवी. त्या पाण्याच्या कागदांबद्दल पुढे गावातल्या एका वजनदार माणसानं शाळेत येऊन विचारणा केली. मुलांना कशाला या भानगडीत घालता, निबंध लिहा की, 'पाणी वाचवा' म्हणून. त्यांचा सूर समजुतीचाच होता. 'पाणी वाचवा' या विषयानं कुणाचंच काही बिघडत नाही. नळाची वेळ लिहिली की बिघडतं. अशा लेखनाला शाळा कचरतात ती वेळेअभावी, असं सांगितलं जातं. मला वाटतं, खऱ्या आकड्यांना एक पत्ता असतो आणि तो पत्ता ओळखीच्या माणसाचा निघतो, हे शाळांना माहीत आहे. बाईंनी त्यातून वाट काढली ती अशी की कागद वर्गाबाहेर नेले नाहीत, पण मोजणी चालू ठेवली: पुढे पोषण आहाराच्या तांदळाची, मग वर्गात येणाऱ्या उन्हाची, मग शाळेमागच्या बाभळीवर बसणाऱ्या पक्ष्यांची. पक्ष्यांवर कुणी हरकत घेतली नाही. ही तडजोड मला खटकते, पण मी त्यांच्या जागी नाही.

परीक्षेचं काय, हा प्रश्न रास्त आहे. लाखो मुलांना एकच घटना दाखवून तिचा वृत्तांत लिहायला लावता येणार नाही. पण कल्पित समारंभाला पर्याय नाही असं नाही. निमंत्रणपत्रिकेऐवजी प्रश्नपत्रिकेत कच्चा माल द्या. एखाद्या आठवडी बाजारातल्या तीन आठवड्यांच्या भावांचा तक्ता, एका विक्रेत्याचं म्हणणं, एका गिऱ्हाइकाचं म्हणणं, आणि दोघांच्या म्हणण्यात एका ठिकाणी विसंगती. त्यावरून वृत्तांत लिहा. जे दिलेलं नाही ते घातलं तर गुण कापा, मग ते कितीही सुंदर असो. विसंगती लपवली तर कापा, दाखवली तर द्या. विक्रेत्याचं मत त्याच्या नावावर लिहिलं की स्वतःच्या, हे तपासा. मथळा आणि दिनांकाला एक गुण पुरे. दहावीला मराठीचे २० गुण शाळेच्या हातात, अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. त्यातले पाच तरी अशा एका वृत्तांताला ठेवता येतील ज्याच्यासाठी मुलाला वर्गाबाहेर जावं लागलं, आणि ज्याच्या तळाशी त्यानं लिहिलं असेल की यातलं मी काय पाहिलं, काय विचारलं आणि काय राहून गेलं. तपासणाऱ्याला सुरुवातीला जड जाईल, कारण सगळ्यांची उत्तरं एकसारखी येणार नाहीत. एवढा बदल करायला नवं पुस्तक छापावं लागत नाही. उत्तरपत्रिकांच्या तपासणीवर नजर ठेवणाऱ्या नियामकांच्या बैठकीत गुणदानाची योजना बदलली तरी येत्या परीक्षेपासून सुरुवात होते.